एका यानाची साक्ष : सौर वाऱ्यातील सूक्ष्म संक्षोभाच्या मापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

सौर वाऱ्यातील सूक्ष्म संक्षोभाचे मापन झाले आहे, हे विधान अवकाश-भौतिकीच्या संशोधनपत्रिकांतून गेली दोन दशके इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील 'मापन' या शब्दापाशी थांबण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. यान सौर वाऱ्यात असते. त्यावरील चुंबकत्वमापक सेकंदाला ठरावीक वेळा क्षेत्राच्या तीन घटकांची नोंद घेतो. त्या नोंदींचा वर्णपट काढला जातो आणि वर्णपटाच्या उतारावरून शंभर किलोमीटर, दोन किलोमीटर अशा अंतरांवर आयनद्रायूत काय घडत आहे हे सांगितले जाते. नोंद काळाची आहे. निष्कर्ष मात्र अंतराविषयीचा आहे. या दोहोंमध्ये एक गृहीतक उभे आहे. ते कोठपर्यंत टिकते आणि जेथे ते डळमळते तेथे प्रसिद्ध निष्कर्षांपैकी काय उरते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संज्ञांविषयी थोडे. 'प्लाझ्मा'साठी मराठी विश्वकोशाने 'आयनद्रायू' हा शब्द योजला आहे. तोच येथे घेतला आहे. 'टर्ब्युलन्स'साठी 'संक्षोभ' हा शब्द वापरला आहे. 'खळबळ' हा बोलीतला शब्द अर्थाने अधिक जवळचा होता. परंतु वृत्तपत्रांनी त्याला इतके राबवून घेतले आहे की शास्त्राला तो परत मिळणे आता कठीण दिसते.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांपुढे ठेवण्यास कारण आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळांच्या जाळ्यात नागपूरचाही समावेश आहे. तेथील चुंबकीय नोंदींत सौर वाऱ्याच्या झंझावातांचे पडसाद उमटतात. 'आदित्य-एल१' हे भारतीय यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत स्थिरावल्यापासून या विषयाकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे. विदा खुली आहे, संगणक हाताशी आहे. अशा वेळी कोणत्या विदेतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे प्रबंधाचा विषय ठरविण्यापूर्वी पाहावे लागते.

पार्श्वभूमी

सूर्यापासून सर्व दिशांना आयनद्रायूचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, हे युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने दाखविले. परीक्षकांनी त्यांचा निबंध प्रतिकूल ठरविला होता. 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'चे तेव्हाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तो तरीही छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या 'मरिनर-२' यानाने या वाऱ्याची सलग नोंद केली. त्याच यानाच्या नोंदींवरून पॉल कोलमन यांनी १९६८ मध्ये चुंबकीय चढउतारांचा वर्णपट काढून त्याची सांगड संक्षोभाच्या सिद्धान्ताशी घातली. तेव्हापासून हा प्रवाह म्हणजे निसर्गाने बांधून दिलेली संक्षोभाची प्रयोगशाळा मानला जातो.

प्रयोगशाळा मात्र विलक्षण आहे. पृथ्वीच्या कक्षेपाशी एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन असतात. चुंबकीय क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला, म्हणजे नागपूरच्या भूमीवरील क्षेत्राच्या आठ हजारांश भागाहूनही कमी. कणांच्या परस्पर टकरी इतक्या विरळ की एका टकरीपासून दुसरीपर्यंतचे सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या तोडीचे भरते. पाण्याच्या किंवा हवेच्या संक्षोभात मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा लहान, आणखी लहान भोवऱ्यांकडे प्रपातासारखी उतरत जाते आणि अखेरीस श्यानतेमुळे उष्णतेत विरते. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धान्तातील उणे पाच-तृतीयांश हा घातांक याच प्रपाताचा. सौर वाऱ्यात टकरीच नसतील तर नेहमीच्या अर्थाची श्यानताही नाही. मग ऊर्जा विरते कोठे? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सूर्यापासून दूर जाताना प्रसरणामुळे सौर वारा जितका थंड व्हावा तितका तो होत नाही. वाटेत त्याला उष्णता मिळत राहते. ती या प्रपाताच्या तळाशी मिळते असा तर्क आहे. तळ शोधायचा तर लहान परिमाणांकडे वळावे लागते. प्रोटॉन चुंबकीय रेषेभोवती ज्या त्रिज्येने फिरतो ती सुमारे १०० किलोमीटर, इलेक्ट्रॉनची एक ते दोन किलोमीटर. सूक्ष्म संक्षोभाचा सारा वाद या दोन लांब्यांच्या आसपास घोटाळतो.

फाटकाशी उभा असलेला साक्षीदार

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील एखाद्या फाटकाशी एक मनुष्य उभा आहे आणि त्याला भिंतीतील अरुंद फटीतून केवळ समोरून सरकणारी एकेक खिडकी दिसते, अशी कल्पना करावी. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर कोणत्या क्षणी कोणता चेहरा दिसला एवढ्या नोंदीवरून तो डब्यातील बैठकव्यवस्था बिनचूक सांगू शकेल. डब्यात काही प्रवासी चालत असतील. परंतु गाडीच्या वेगापुढे त्यांचे चालणे नगण्य आहे. काळाचा क्रम हाच येथे अंतराचा क्रम ठरतो. जी. आय. टेलर यांनी १९३८ मध्ये वातबोगद्यातील प्रवाहासाठी मांडलेले गृहीतक हेच आहे. संक्षोभ जणू गोठलेला आहे आणि प्रवाह त्याला मापकावरून वाहून नेत आहे, असे मानले की वारंवारतेचे रूपांतर लांबीत करता येते.

सौर वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर, तर त्यातून चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फव्हेन तरंगांचा सुमारे ५० किलोमीटर. मोठ्या परिमाणांवर म्हणूनच टेलर यांचे गृहीतक निर्धोक आहे. याच हिशोबाने १०० किलोमीटर त्रिज्या वर्णपटावर अर्ध्या हर्ट्झच्या किंचित पुढे उतरते आणि दोन किलोमीटरची त्रिज्या सुमारे ३० हर्ट्झवर. निबंधांतील आलेखांवर या वारंवारतांपाशी उभ्या रेषा आखून 'आयन-परिमाण', 'इलेक्ट्रॉन-परिमाण' असे लिहिलेले असते. वाचकाची नजर त्या रेषांना मोजलेल्या वस्तू समजते. वास्तविक त्या रेषा गृहीतकाने आखलेल्या आहेत.

अडचण येते ती गाडीतील प्रवासी धावू लागल्यावर. लहान परिमाणांवरील काही तरंग विकिरणशील असतात, म्हणजे तरंगलांबी जितकी कमी तितका त्यांचा वेग अधिक. व्हिसलर तरंग या जातीचे. इलेक्ट्रॉन-परिमाणापाशी त्यांचा वेग सौर वाऱ्याच्या वेगाशी बरोबरी करू शकतो. याउलट गतिज आल्फव्हेन तरंग चुंबकीय रेषांना जवळजवळ काटकोनात असतील तर ते संथच राहतात आणि गृहीतक बाधित होत नाही. क्लाइन, होवेस व टेनबार्ज यांनी २०१४ मध्ये हा भेद पद्धतशीरपणे मांडला. त्यांच्या निष्कर्षाचा उल्लेख पुढील निबंधांत बहुधा दिलासा म्हणून होतो : तरंग गतिज आल्फव्हेन जातीचे असल्याने टेलर यांचे गृहीतक लागू आहे, असे एका वाक्यात नमूद करून लेखक पुढे जातात. परंतु तरंग कोणत्या जातीचे आहेत हे तर त्याच वर्णपटावरून ठरवायचे असते. गृहीतक वैध असेल तर जात ओळखता येते. जात ठाऊक असेल तर गृहीतक वैध ठरते. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानला जातो. या क्षेत्रातील सर्व निबंध या दोषाने ग्रस्त आहेत असे नव्हे. विद्युत् आणि चुंबकीय चढउतारांचे गुणोत्तर, घनतेचे चढउतार, संपीडनाचे प्रमाण असे स्वतंत्र पुरावे अनेकांनी जोडले आहेत. २००५ मध्ये बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लस्टर'वरील विद्युत् क्षेत्राची नोंद चुंबकीय नोंदीशेजारी ठेवली, ती याच दिशेने. तरी एकट्या चुंबकीय वर्णपटावर विसंबलेल्या निबंधांची संख्या लहान नाही.

२००९ सालचे दोन निबंध

वर्णपटाच्या वाचनात निवाड्याला केवढी जागा असते, हे २००९ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आलेल्या दोन निबंधांवरून दिसते. दोन्ही निबंध 'क्लस्टर' या युरोपीय मोहिमेच्या नोंदींवर आधारलेले आहेत. दोहोंत मंद चढउतारांसाठी फ्लक्सगेट चुंबकत्वमापक आणि जलद चढउतारांसाठी सर्च कॉइल अशी दोन उपकरणे जोडून वर्णपट रचला आहे. पी. रॉबर्ट हे एक नाव तर दोन्ही लेखकसूचींत आहे. निष्कर्ष मात्र निराळे.

फौआद साहरावी व सहकारी १९ मार्च २००६ च्या एका कालखंडाचे विश्लेषण करतात. त्यांच्या वर्णपटात दोन वळणे आहेत. पहिले सुमारे ०.४ हर्ट्झवर, तेथपर्यंतचा उतार कोल्मोगोरोव्ह यांच्या घातांकाच्या जवळ. दुसरे सुमारे ३५ हर्ट्झवर, तेथपर्यंत उतार उणे अडीचच्या आसपास. त्यानंतर पुन्हा सरळ रेषा, पण उणे चारच्या जवळ जाणारी, अधिक तीव्र. सरळ रेषा म्हणजे घातनियम, आणि घातनियम म्हणजे इलेक्ट्रॉन-परिमाणाच्या खालीही प्रपात चालूच आहे, असे त्यांचे वाचन आहे. ओल्गा अलेक्झांड्रोव्हा व सहकारी सात कालखंड घेतात. त्यांना आयन-परिमाणाखाली उणे २.८ च्या आसपासचा उतार दिसतो आणि इलेक्ट्रॉन-परिमाणाकडे जाताना वर्णपट रेषेने नव्हे तर चरघातांकी वक्राने खाली येतो. असा वक्र साध्या द्रवाच्या संक्षोभातही श्यानतेच्या टोकाशी दिसतो. म्हणजे येथे प्रपात संपून ऊर्जेचे विसर्जन सुरू झाले आहे. ऊर्जा कोठे विरते, या मूळ प्रश्नाला ही दोन भिन्न उत्तरे आहेत. हा मतभेद शोभेचा नाही.

दोन्ही निबंध काळजीपूर्वक लिहिलेले आहेत आणि कोणाच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न पुराव्याच्या रुंदीचा आहे. वादातील पट्टा सुमारे ३० हर्ट्झपासून फार तर १०० हर्ट्झच्या थोडा पुढे जातो. लघुगणकी आलेखावर ही एका दशकाहूनही कमी रुंदी. इतक्या अरुंद पट्ट्यात तीव्र उताराची सरळ रेषा आणि सौम्य वळणाचा वक्र यांतील फरक डोळ्यांना तर दिसत नाहीच, सांख्यिकीलाही सहज दिसत नाही. त्यात पट्ट्याच्या खालच्या कडेला उपकरणाचा स्वतःचा नॉईज येऊन मिळतो. संकेत त्या पातळीजवळ पोहोचला की वर्णपट आपोआप सपाट होऊ लागतो; नॉईज किती वजा करावा यावर रेषा सरळ ठरते की वाकते हे अवलंबून राहते. अलेक्झांड्रोव्हा यांनी २०१२ मध्ये शंभर वर्णपट घेऊन चरघातांकी रूपाचे समर्थन केले. साहरावी यांनी २०१३ मध्ये त्याहून कितीतरी मोठा संच घेतला आणि घातनियमाचे वाचन कायम ठेवले. संख्या वाढली, पट्टा रुंदावला नाही.

याहून कमी चर्चिलेली एक गोष्ट आहे. इलेक्ट्रॉन-परिमाणावर संकेत नॉईजच्या वर यावा म्हणून ज्या वेळी संक्षोभ जोरकस होता तेच कालखंड निवडणे भाग पडते. सौर वारा जेव्हा शांत असतो तेव्हाच्या सूक्ष्म संक्षोभाविषयी या संचातून काहीच कळत नाही. पावसाळ्यातील नाग नदी पाहून तिच्या वर्षभराच्या प्रवाहाचे वर्णन करण्यासारखे हे आहे. तरीही अलेक्झांड्रोव्हा यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'सार्वत्रिकता' हा शब्द आहे. सात कालखंडांवर तो जड पडतो, असे म्हणणे अनुचित ठरणार नाही.

आणखी एक मर्यादा वर्णपट या साधनाचीच. वर्णपट कोणत्या परिमाणावर किती ऊर्जा आहे हे सांगतो. ती कोणत्या रूपात आहे हे सांगत नाही. तरंगांचे मिश्रण आणि विद्युत्-प्रवाहाच्या पातळ पडद्यांची रांग, या पूर्णतः भिन्न रचना एकाच उताराचा वर्णपट देऊ शकतात. अचानक उड्या मारणाऱ्या कोणत्याही मालिकेचा वर्णपट उणे दोनच्या उताराने खाली येतो, मग त्यामागे संक्षोभ असो वा नसो. उतार म्हणजे भौतिकी नव्हे.

चार याने आणि त्रिकोणमिती

एका साक्षीदाराच्या जबानीवरचा उपाय म्हणजे अधिक साक्षीदार. सर्वेक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट विदर्भाला परकी नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन यांचे जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. एका ठिकाणी उभे राहून अंतर कळत नाही, ठाऊक असलेल्या अंतरावरील दुसरे ठिकाण लागते, हे त्यांच्या साऱ्या पद्धतीचे सूत्र होते. लॅम्बटन यांच्या टेकड्या जागा सोडत नसत, एवढी त्यांची सोय होती. अवकाशात त्रिमितीसाठी किमान चार बिंदू लागतात. 'क्लस्टर'ची चार याने २००० साली चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर सोडली गेली ती यासाठीच.

चारही यानांवर एकच तरंग कोणत्या क्रमाने पोहोचतो हे पाहिले तर टेलर यांच्या गृहीतकाशिवाय तरंगाची दिशा, लांबी आणि खरी वारंवारता काढता येते. साहरावी यांच्याच गटाने २०१० मध्ये सुमारे २०० किलोमीटर अंतरावरील यानांच्या नोंदींतून आयन-परिमाणाखालील संक्षोभाची त्रिमितीय मांडणी केली आणि तरंग गतिज आल्फव्हेन जातीचे असल्याचा निष्कर्ष काढला. मागे सांगितलेला अन्योन्याश्रय तोडणारा पुरावा तो हाच. म्हणून त्याचे मोल २००९ च्या दोन्ही निबंधांहून अधिक मानावे लागेल. पण यानांतील अंतराच्या दुपटीहून लहान तरंगलांबी या पद्धतीला ओळखता येत नाही. म्हणजे वाद दोन किलोमीटरच्या परिमाणाचा आणि सर्वांत बळकट पुरावा शेकडो किलोमीटरच्या तरंगलांबीचा, अशी स्थिती आहे.

अमेरिकेच्या 'एमएमएस' मोहिमेतील चार याने २०१५ मध्ये सोडण्यात आली आणि ती परस्परांपासून सात किलोमीटरपर्यंत जवळ आणली गेली. तरीही ती सौर वाऱ्यासाठी घडविलेली नव्हती. पृथ्वीच्या चुंबकावरणातील बलवान क्षेत्रांचा वेध घेणे हा त्यांचा हेतू. सौर वाऱ्यातील क्षीण संकेत त्यांच्याही उपकरणांच्या नॉईजमध्ये बुडतो. २०१९ मध्ये काही आठवडे ही याने माळेच्या मण्यांसारखी एका ओळीत, असमान अंतरांवर ठेवण्यात आली. एकाच वेळी अनेक परिमाणे पाहण्याचा तो प्रयत्न होता. त्यासाठी तिसरी मिती सोडावी लागली. चतुष्फलक एका वेळी एकच परिमाण पाहू शकते आणि प्रपात हा तर अनेक परिमाणांमधला व्यवहार आहे. २०२२ मध्ये 'नासा'ने निवडलेल्या 'हेलिओस्वार्म' मोहिमेत म्हणून नऊ याने आहेत. नऊ बिंदूंच्या छत्तीस जोड्या होतात. मोहिमेच्या घोषणेनंतर सूक्ष्म संक्षोभाचा प्रश्न आता सुटणारच असा सूर काही लेखांत उमटला. त्या जोड्यांतील अंतरे सुमारे ५० किलोमीटरपासून पुढची आहेत. आयन-परिमाण त्यांच्या आवाक्यात येते. २००९ चा वाद ज्या परिमाणावर आहे ते येत नाही.

'पार्कर सोलर प्रोब'ची गोष्ट थोडी वेगळी. हे यान २८ एप्रिल २०२१ रोजी प्रथमच अशा प्रदेशात शिरले, जेथे सौर वाऱ्याचा वेग आल्फव्हेन तरंगांच्या वेगाहून कमी असतो. फाटकापाशी गाडी थांबत आली आणि प्रवासी चालतच आहेत, अशी ही अवस्था. तेथे टेलर यांचे मूळ गृहीतक लागू करता येत नाही. यानाचा स्वतःचा आडवा वेग मोठा असल्याने गृहीतकाची सुधारित रूपे वापरली जातात. ती किती विश्वसनीय आहेत हे पुन्हा संक्षोभाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

पुण्याची वाट : दुरून केलेले मापन

यान जेथे पोहोचत नव्हते तेथील सूक्ष्म संक्षोभ जमिनीवरून पाहण्याचा एक मार्ग भारतात चोखाळला गेला आणि त्याचे सैद्धान्तिक काम मुख्यतः महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील प्रसाद सुब्रमणियन, मधुसूदन इंगळे, के. शशीकुमार राजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. मृग नक्षत्र लागल्यावर, विदर्भात पेरणीची लगबग असते त्या जूनच्या मध्यास, सूर्य आकाशात क्रॅब तेजोमेघाच्या जवळून जातो. तेजोमेघाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना तेव्हा सूर्यानजीकच्या सौर वाऱ्यातून यावे लागते. घनतेच्या चढउतारांमुळे त्या विखुरतात आणि तेजोमेघाची प्रतिमा फुगते. ती किती फुगली यावरून चढउतारांचे प्रमाण काढता येते. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील दुर्बिणींच्या वेधांचा या गटाने उपयोग केला आणि २०१६ च्या निबंधात १० ते ४५ सौर त्रिज्यांच्या पट्ट्यातील घनता-संक्षोभाचे चित्र मांडले. 'पार्कर' यानाचे उड्डाण २०१८ चे. तेव्हा या पट्ट्याविषयी जागेवरची कोणतीही नोंद उपलब्ध नव्हती.

या कामाचे खरे श्रेय एका गणिती दुरुस्तीत आहे. पूर्वीचे संशोधक दुर्बिणींमधील अंतर संक्षोभाच्या सर्वांत लहान परिमाणाहून फार मोठे किंवा फार लहान मानून सोपी सूत्रे वापरीत. प्रत्यक्षात ही दोन अंतरे बऱ्याचदा एकमेकांच्या जवळपास असतात आणि सोपी सूत्रे नेमकी तेथेच चुकतात. इंगळे, सुब्रमणियन व केर्न्स यांनी २०१५ मध्ये सर्वसाधारण सूत्र वापरण्याची आवश्यकता दाखवून दिली. प्रचलित सूत्राच्या वैधतेची कक्षा तपासणे हे काम दिसायला लहान असते, पण पुष्कळ जुन्या निष्कर्षांचे वजन त्यावर अवलंबून राहते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवावयास हवी. सर्वांत लहान परिमाण किती, हे या पद्धतीत मोजले जात नाही. प्रचलित सूत्रांपैकी एखादे निवडून ते आत घातले जाते. २०१७ च्या निबंधात अशाच वेधांवरून ९ ते २० सौर त्रिज्यांमधील घनतेचे चढउतार सरासरी घनतेच्या हजारांश भागांत मोजले आहेत आणि त्यावरून प्रोटॉनना मिळणाऱ्या उष्णतेचा दर काढला आहे. घनतेच्या चढउतारांवरून वेगाचे चढउतार काढण्यासाठी तेथे सूक्ष्म संक्षोभ गतिज आल्फव्हेन तरंगांचा आहे असे मानले आहे. लेखकांनी हे उघडपणे लिहिले आहे, ही त्यांची जमेची बाजू. तरी यानावरील मापनात जे गृहीतक मागील दाराने येते तेच येथे पुढील दाराने येते. जागेवरचे मापन आणि दुरून केलेले मापन यांचे निष्कर्ष जुळले तर ती दोन स्वतंत्र साक्षीदारांची जुळणी आहे, असे म्हणण्यापूर्वी दोघांचे बोलणे आधी कोठे झाले होते काय, हे पाहणे भाग आहे.

'आदित्य-एल१' आणि महाविद्यालयीन संशोधन

'आदित्य'वरील सात उपकरणांपैकी सौर वाऱ्याच्या जागेवरील मापनाशी थेट संबंध 'ॲस्पेक्स', 'पापा' आणि चुंबकत्वमापक या तिघांचा येतो. चुंबकत्वमापकाचे दोन फ्लक्सगेट संवेदक सहा मीटर लांबीच्या दांड्यावर बसविले आहेत, एक टोकाशी आणि एक मध्यावर. दोहोंच्या नोंदींतील फरकावरून यानाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र ओळखून वजा करता येते. सौर झंझावातांची पूर्वसूचना आणि मोठ्या परिमाणाचे चढउतार यांसाठी ही योजना उत्तम आहे. सर्च कॉइल मात्र या यानावर नाही. इलेक्ट्रॉन-परिमाणाच्या संक्षोभाचा प्रश्न 'आदित्य'च्या विदेपुढे ठेवणे म्हणूनच अप्रस्तुत ठरते. यान त्यासाठी बांधलेलेच नाही. एल१ बिंदूपाशी 'विंड' आणि 'एस' ही याने आधीपासून होती हे खरे, पण त्यांच्यातील अंतरे लाखो किलोमीटरची असतात. त्यांच्या जोडीने संक्षोभाच्या सर्वांत मोठ्या रचनांचा अभ्यास होऊ शकतो, आणि तो विषय अजिबात किरकोळ नाही.

महाविद्यालयीन पातळीवर अधिक सुलभ असते ती 'ओम्नी' या नावाने उपलब्ध असलेली विदा. तिच्यातील एक-मिनिटाची मालिका घेऊन तिचा वर्णपट काढावा, उतार उणे पाच-तृतीयांशाच्या जवळ आला की कोल्मोगोरोव्ह यांचे नाव घ्यावे आणि शीर्षकात 'सूक्ष्म' हा शब्द घालावा, असा मोह होऊ शकतो. येथे एक साधा गुणाकार पुरे. एका मिनिटात ४०० किलोमीटर वेगाचा वारा २४,००० किलोमीटर पुढे जातो. या नोंदीतून ओळखू येणारी सर्वांत लहान तरंगलांबी त्याच्या दुप्पट, ४८,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या पावणेचार पट. शिवाय ही मालिका अनेक यानांच्या नोंदी एकत्र करून आणि पृथ्वीसमोरील धनुराघाताच्या अग्रापर्यंत काळात सरकवून तयार केलेली असते. सरकवण्याचा हिशोब नोंदींच्या क्रमात लहान-मोठ्या चुका शिरू देतो. अंतराळ-हवामानासाठी ही विदा अमूल्य आहे. सूक्ष्म संक्षोभासाठी ती निरुपयोगी आहे. मार्गदर्शकाने हा गुणाकार विद्यार्थ्याकडून पहिल्या आठवड्यात करून घेतला तर दोघांचीही दोन वर्षे वाचतील.

सूक्ष्म परिमाणांवरच काम करावयाचे असेल तर 'क्लस्टर'चा संग्रह अधिक उपयोगी पडतो. मोहीम २०२४ च्या सप्टेंबरमध्ये थांबली. चारांपैकी 'साल्सा' हे यान त्या महिन्याच्या ८ तारखेला दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात शिरून जळाले. नोंदी मात्र युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात खुल्या आहेत, सर्च कॉइलच्या नॉईजच्या पातळीसह. साहरावी यांनी वापरलेली १९ मार्च २००६ ची नोंदही त्यांतच आहे. ती उतरवून घ्यावी, नॉईजची वजाबाकी दोन-तीन निरनिराळ्या प्रकारे करून पाहावी, प्रत्येक वेळी रेषा आणि वक्र दोन्ही बसवावेत आणि उत्तर किती वेळा बदलते ते मोजावे, एवढे काम एका साध्या संगणकावर एका सत्रात होण्याजोगे आहे.